माझ्यात रवा

माझ्या हातातल्या तबकातून एका बाईने मुकुट काढून घेतला.

पितळेचा मुकुट होता. मरियामातेच्या पुतळ्याचा. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या चर्चमध्ये मातेला मुकुट घालतात. घालायचा मान एका मुलीला. अठ्ठ्याण्णव साली तो मान मला मिळाला होता, कारण धर्मशिक्षणाच्या परीक्षेत मी पहिली आले होते. नवीन आलेल्या सिस्टरने आधीच सांगून टाकलं होतं, जी पहिली येईल ती मुकुट घालेल. सिस्टर केरळची. तिला आमच्या गावातलं काही ठाऊक नव्हतं.

मी तेरा वर्षांची. पांढरा झगा घातला होता, दुसऱ्या मुलीचा मागून आणलेला. खांद्यावर जरा ढगळ. तबक दोन्ही हातांत धरून मी मधल्या वाटेने निम्म्यापर्यंत गेले. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आयलीनबाय उठल्या. आयलीनबाय म्हणजे मोठ्या घरातल्या. चर्चची घंटा त्यांच्या घराण्याने दिलेली, असं गावात प्रत्येक जण सांगायचा. त्या वाटेत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तबकातला मुकुट उचलला. पर्समधून रुमाल काढला आणि मुकुट पुसला. आतून. बाहेरून. जिथे जिथे माझी बोटं लागली होती तिथे.

मग म्हणाल्या, "तुका कोणी सांगल्यान गो हात लावूक?"

हळू म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लोकांना काहीतरी वाटलं असतं.

मुकुट त्यांनी आपल्या नातीच्या हातात दिला. नात परीक्षेत चौथी आली होती. गाणं थांबलं नाही. गाणाऱ्यांनी एक कडवं परत म्हटलं, एवढंच. तेव्हाचे फादर पुस्तकात बघत होते. सिस्टर भिंतीशी उभी होती आणि तिचं तोंड उघडं होतं. माझ्या हातात रिकामं तबक. त्या तबकाचं काय करायचं ते कोणी सांगेना.

मागून आई आली. तिने माझा दंड धरला. आयलीनबायकडे बघितलं नाही, त्यांच्या पायांकडे बघितलं.

"चुकी झाली, बाय," ती म्हणाली. "पोर आसा ता."

मी काय चूक केली होती? पहिली आले होते.

आम्ही ख्रिस्ती कधी झालो ते घरात कोणालाच सांगता येत नाही. पणजोबा गोव्याकडून आले, एवढं ठाऊक. तेव्हा ख्रिस्तीच होते. त्याच्या आधी महार होते. मोठ्या घरातले स्वतःला किरिस्तांव बामण म्हणवतात. म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी दोघांच्याही कपाळावर पडलं. त्यांच्या कपाळावर ते अभिषेक झालं. आमच्या कपाळावरून घसरून गेलं.

वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर कामाला जायचे. मी सहा वर्षांची असताना काविळीने गेले. आई चर्चची वस्त्रं धुवायची. तिच्या सासूने धुतली होती, सासूच्या सासूने धुतली होती. वेदीवरच्या पांढऱ्या चादरी, फादरांचे झगे, कम्युनियनच्या वेळी प्याल्याखाली अंथरायचे चौकोनी रुमाल. त्या रुमालांवर कम्युनियनच्या भाकरीचे कण सांडलेले असतात. ते ख्रिस्ताचं शरीर. म्हणून त्यांचं पहिलं पाणी गटारात ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं. आई ते पाणी पेरूच्या झाडाला घालायची. घालताना डोक्यावर पदर घ्यायची.

ख्रिस्ताच्या शरीराचे कण आमच्या हातांतून जायचे. तेव्हा आमचे हात चालायचे. पण धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून झालं की आई ती वस्त्रं वेदीमागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायची. आत न्यायची नाही. आत न्यायला मोठ्या घरातली कोणीतरी बाई यायची. वेदीवर चादर अंथरायची तीच. ओलं कापड आमचं. वाळलेलं कापड त्यांचं.

आणि बसायचं मागे. दाराजवळच्या शेवटच्या दोन बाकांवर. असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर फाडता आला असता.

त्या दिवशी घरी आल्यावर मी झगा काढून कोपऱ्यात फेकला. आईने तो उचलला, झटकला, घडी घातली. संध्याकाळी घंटा झाली तशी ती जपमाळ घेऊन बसली. आमच्याकडे त्याला तेर्स म्हणतात. मी बसले नाही.

आई म्हणाली, "आपण येशूत रवाचा. बाकीच्यांका काय बोलाचा नाय."

"येशू खंय रवता गो आये? फुडल्या बाकड्यार?"

तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा. मग स्वतःच रडली.

आमच्या शेजारी शेवंताकाकी राहायची. मासे विकायची. हिंदू. रडणं ऐकून ती कुंपणापाशी आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरली आणि म्हणाली, "तुमच्यातय तसाच? माका वाटला, तुमच्यात तसा काय नसात."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. पण मुकुट काढून घेतल्याची जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी मला ह्या वाक्याची वाटली.

दहावीनंतर मी चर्चमध्ये जायचं सोडलं.

काही घोषणा केली नाही. एका रविवारी पोट दुखतं म्हटलं, दुसऱ्या रविवारी डोकं. तिसऱ्या रविवारी आईने विचारलंच नाही. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या पुढे एक काजूची फॅक्टरी होती, तिथे लागले. पायाने दाबायचं यंत्र असतं. एक एक बी पात्याखाली धरायची आणि फोडायची. टरफलात तेल असतं. ते हाताला लागलं की कातडी काळी पडते, मग सोलते. आम्ही हाताला राख चोळायचो. राखेने थोडं वाचतं. सगळं नाही वाचत.

सकाळी साडेसातची एसटी, संध्याकाळी सहाची एसटी. दिवसभर पाय दाबत राहायचं. वर्षानुवर्षं मी तेच केलं. तिथे बायका बोलायच्या, हसायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. पण नवीन बाई आली की पहिला प्रश्न एकच. "खंय रवतंस गो?" कुठे राहतेस. गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, कुठल्या वाडीत? वाडीचं नाव सांगितलं की झालं. पुढे विचारायची गरज नाही. आमच्याकडे कोणी जात विचारत नाही. खंय रवतंस, एवढंच विचारतात.

मी प्रार्थना करत नव्हते. पण पाय यंत्रावर लयीत पडायला लागले की तेर्साचे शब्द आपोआप तोंडात यायचे. मी ते थुंकून टाकायची. परत यायचे. देवाचा राग होता असं नाही. राग करायलाही अंगात ताकद लागते. संध्याकाळी घरी आले की मी भिंतीला टेकून बसायची आणि आई माझ्या बोटांना खोबरेल लावायची. तिची बोटं सोड्याने फाटलेली. माझी तेलाने जळलेली. दोघींच्या हातांत मिळून एक धड हात नव्हता.

दोन हजार सात साली आईचे गुडघे गेले. त्याआधीच ऐकू कमी येत होतं. चर्चपर्यंत चालत जाणं तिला जमेना. आणि चर्च चुकवणं तिला त्याहून जमेना. म्हणून मला जावं लागलं. तिला रिक्षातून उतरवायची, दंडाला धरून आत न्यायची, शेवटच्या बाकावर बसवायची. मी बाजूला. वस्त्रं धुण्याचं कामही हळूहळू माझ्याकडेच आलं. रविवारी सुट्टी असायची, त्यात धुवायची. आईला बरं वाटावं म्हणून. असं मी स्वतःला सांगत होते.

फादर आता नवीन होते. नवीन म्हणजे म्हातारे. वसईकडचे. दम्याचा त्रास. शुद्ध मराठीत बोलायचे, हळू बोलायचे, आणि मागचा स्पीकर बिघडलेला. आईला एक शब्द पोचायचा नाही. ती दर दोन मिनिटांनी माझ्याकडे वळायची. "काय म्हणता गो?" मग मी फादरांचं प्रवचन तिच्या कानात मालवणीत सांगायची. नुसतं सांगायची. त्यात माझं मन नसायचं. बस कंडक्टर तिकिटं फाडतो तसं.

एका रविवारी फादर द्राक्षवेलीवर बोलत होते. वेल आणि फांद्या. प्रभू शिष्यांना म्हणाला, मी वेल, तुम्ही फांद्या, तुम्ही माझ्यात राहा, मी तुमच्यात राहतो. आईने विचारलं, काय म्हणता? मी तिच्या कानाला तोंड लावलं.

"येशू म्हणता, रवा."

"खंय?"

तिला अर्धंच ऐकू आलं होतं. तिने साधं विचारलं. खंय? मी परत तोंड लावलं आणि म्हटलं, "माझ्यात. माझ्यात रवा."

आईने मान हलवली आणि समोर बघू लागली. तिचं काम झालं. पण मला पुढचं प्रवचन ऐकूच आलं नाही. फादर बोलत राहिले. आई दोनदा माझ्याकडे वळली.

खंय रवतंस?

आयुष्यभर मी त्या प्रश्नाचं उत्तर देत आले होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर एक पायरी खाली उतरत आले होते. आज कोणीतरी मला पत्ता दिला होता. तो मोठ्या घरालाही तोच दिला होता. दोन पत्ते नव्हते. वेलीला पुढच्या फांद्या आणि दारातल्या फांद्या नव्हत्या. आईने मला शिकवलं होतं, येशूत राहायचं म्हणजे गप्प राहायचं. तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. सासूला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे.

मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, संपल्यावर आईला बाकावर ठेवून मी वेदीमागच्या खोलीकडे गेले. उंबरा ओलांडला. फादर झगा काढत होते.

"फादर, ख्रिस्तात राहायचं म्हणजे सोसत राहायचं का?"

ते थांबले. श्वास लागला होता. "कोणी सांगितलं तुला असं?"

"सगळ्यांनीच."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "नाही. सोसणं वेगळं. राहणं म्हणजे घरच्यासारखं राहणं. येऊन-जाऊन नव्हे. मुक्कामाला."

"मग घरचं माणूस दारात का बसतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. समजलं त्यांना. पहिल्या महिन्यातच समजलं असणार. म्हणाले, "बाळ, माझं वय झालं. मला इथे भांडण लावायचं नाही. हळूहळू बदलेल."

"किती हळू, फादर? माझ्या पणजीपासून हळूच चाललंय."

त्यांनी झगा कपाटात ठेवला. कपाट लावून घ्यायला सांगितलं. मी लावलं. ते वाईट नव्हते. आजारी माणसाच्या घरी पावसापाण्यात स्वतः चालत जायचे. तेच तर. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगला माणूस दमवतो.

पुढच्या वर्षीचा पवित्र गुरुवार. गुड फ्रायडेचा आदला दिवस. त्या संध्याकाळी येशूने शिष्यांचे पाय धुतले होते. म्हणून फादर वेदीसमोर बारा माणसांचे पाय धुतात आणि टॉवेलाने पुसतात. ते बारा टॉवेल तीस वर्षं आईने धुतले. ती पाय धुण्याची गोष्ट तिने एकदाही नीट पाहिली नव्हती. त्या वेळी पुढचे सगळे लोक उभे राहतात. मागून दिसतात फक्त पाठी.

"एकदा बघूक व्हया होता," ती आठवडाभर म्हणत होती. मागणी नव्हती ती. स्वतःशीच बोलत होती.

मी फॅक्टरीतून दुपारीच निघाले. आईला चांगलं लुगडं नेसवलं. मिस्सेला अर्धा तास असताना तिला घेऊन गेले आणि शेवटचे बाक ओलांडून सरळ चालत राहिले. आई थबकली. मी दंड सोडला नाही. पहिल्या बाकावर तिला बसवलं. मी शेजारी बसले.

लोक येऊ लागले. मग आयलीनबाय आल्या. आता काठी घेऊन. त्या बाकाच्या टोकाशी उभ्या राहिल्या.

"हो जागो आमचो. ठावक नाय तुका?"

"ठावक आसा," मी म्हटलं. "आज आमचोय."

मला वाटलं होतं मी मोठं काहीतरी बोलेन. दहा वर्षं मनात वाक्यं जुळवली होती. एवढंच आलं.

आयलीनबाय माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्यांनी आईकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि आई उठायला लागली.

मी तिचा हात धरला. "आये, बस."

"चल गो. माका हयसर बसवना नाय."

"आये, तुका बघूचा होता ना?"

"नको माका. चल."

तिने माझा हात सोडवून घेतला. बाक धरत धरत, गुडघे ओढत, ती मधल्या वाटेने मागे गेली. सगळ्या चर्चने ते बघितलं. कोणी तिला हात दिला नाही. मी उठून तिला धरायला पाहिजे होतं. आजही वाटतं. ती पडली असती तर? पण उठले असते तर आम्ही दोघीही मागे गेलो असतो आणि मग कायमच्या.

मी बसून राहिले.

आयलीनबाय पलीकडच्या बाकावर गेल्या. त्यांच्याबरोबर त्यांची सून, नात, आणखी चार जण. पूर्ण बाक रिकामा झाला. मी एकटी. माझ्या मागचाही बाक अर्धा झाला. मिस्सा सुरू झाली. फादरांनी बारा माणसांचे पाय धुतले. बारा माणसं गावातल्या त्याच पाच मोठ्या घरांतली. दरवर्षीसारखी. मी एक हात अंतरावरून सगळं बघितलं. फादरांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. कम्युनियनच्या वेळी मी उठले. माझ्या मागे कोणी रांगेत उभं राहीना. फादरांनी भाकर माझ्या जिभेवर ठेवली.

काही चमत्कार झाला नाही. आतून काही उजळलं नाही. मला फक्त एक कळलं. मी आत आहे. मला बाहेर काढायचं तर आता त्यांना हात लावावा लागेल. आणि हात तर ते लावत नाहीत.

त्यानंतर चर्चची वस्त्रं आमच्याकडे यायची बंद झाली. मालवणच्या लाँड्रीत जाऊ लागली. मी सुटले म्हटलं. आईला मात्र ते लागलं. शिरोड्याकडचं एक स्थळ माझ्यासाठी येऊन गेलं होतं. तिकडून परत निरोप आला नाही. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, बोटांना तेल लावायची, पण बोलायची नाही. रविवारी मी तिला शेवटच्या बाकावर बसवायची आणि मग पुढे जाऊन बसायची. प्रवचन तिच्या कानात सांगायला कोणी नव्हतं. ह्याचं मला अजून वाईट वाटतं. पण मी मागे गेले नाही.

लोक सांगतात ख्रिस्तात राहिलं की मनाला शांती मिळते. मला नाही मिळाली. रविवारी सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. अजून वाटत नाही. तरी अंघोळ करायची, केस विंचरायचे, जायचं, बसायचं. सगळे सरकतात. सरकू दे. फादर म्हणाले होते, फांदी वेलीत राहिली की फळ येतं. काय फळ आलं? मागल्या बाकावरची एक बाई दोन रविवार माझ्या शेजारी येऊन बसली. तिसऱ्या रविवारी परत मागे गेली. तिच्या नवऱ्याला मोठ्या घराच्या बागेत काम आहे. मी तिला दोष देत नाही.

कट्ट्याला एका भाड्याच्या खोलीत काही लोक प्रार्थनेला जमायचे. आमच्यासारखेच, वेगवेगळ्या गावांतले. त्यांच्यातली एकजण फॅक्टरीत होती. म्हणाली, "ताई, आमच्याकडे या. सगळे एका सतरंजीवर बसतात." मी दोनदा गेले. खरंच सगळे एका सतरंजीवर. मी खूप रडले तिथे. बरं वाटलं. तिसऱ्यांदा नाही गेले. ती माणसं चांगली होती, त्यांच्यात काही खोट नव्हती. पण मी घर सोडून का जायचं? ज्यांना माझ्या शेजारी बसवत नाही त्यांनी जावं.

आई दोन हजार नऊच्या पावसात गेली. जायच्या आधी तीन आठवडे अंथरुणात होती. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिने मध्येच तोंड फिरवलं आणि विचारलं, "थंयसून काय दिसता गो?"

"खंयसून?"

"फुडल्या बाकड्यारसून."

मी म्हटलं, "फादरांच्या चपलेचो पट्टो तुटलेलो आसा, तो दिसता."

ती हसली. दात नव्हते. हसता हसता खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "तेवढाच? माका वाटला, काय वेगळा दिसता."

"नाय गो. सगळा तसाच."

तिने वर कौलांकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या दिसा माका उठाक नको होता."

एवढंच. पेज थंड झाली होती, ती परत गरम करून आणली.

आमच्या चर्चची दफनभूमी उतारावर आहे. वरच्या भागात मोठ्या घरांच्या कबरी, संगमरवरी. खालच्या भागात आम्ही. खाली पावसाचं पाणी येतं. आईसाठी खड्डा खणला तेव्हा तासाभरात त्यात गुडघाभर पाणी झालं. चार माणसं डब्यांनी पाणी उपसत होती. पेटी ठेवेपर्यंत परत भरलं. पेटी हलली. पाण्यावर थोडी उचलली गेली. ती तरंगू नये म्हणून एका माणसाने तिच्यावर पाय दिला आणि दुसऱ्याने माती ओढली. त्या माणसाची चूक नव्हती. दुसरं काय करणार?

वर जागा होती. सात-आठ कबरींची कोरडी जागा. मी बघितली. पण आईने सांगून ठेवलं होतं, तुझ्या बापाशीच्या बाजूक ठेव माका. बाप खालीच होता. म्हणून मी त्या दिवशी बोलले नाही.

ह्या वर्षी चर्चच्या समितीने मला बोलावलं. चर्चमागचा हॉल, पाच पुरुष, प्लास्टिकच्या खुर्च्या. मधोमध आयलीनबायचा मुलगा, समितीचा अध्यक्ष. फादर एका कडेला. मला कोणी बस म्हटलं नाही. मी एक खुर्ची ओढली आणि बसले. फॅक्टरीतून थेट आले होते. पाय सुजलेले. पंचवीस वर्षांची आहे मी. माझे पाय त्याहून पुष्कळ म्हातारे आहेत.

अध्यक्ष शुद्ध मराठीत बोलले. "हे बघ, गावात वातावरण बिघडतंय. तुझ्या आईने चर्चची फार सेवा केली. आम्ही विसरलेलो नाही. तिच्या नावाची एक फरशी भिंतीत बसवू. निष्ठावंत सेविका असं लिहू. आणि तू डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसत जा. तिथे तुला कोणी काही म्हणणार नाही. आम्ही जबाबदारी घेतो."

फादर माझ्याकडे बघत होते. घे, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. घे आणि संपव. त्यांना खरंच वाटत होतं की हे पुष्कळ आहे. क्षणभर मलाही वाटलं. मी फार दमले होते. तिसरा बाक वाईट नाही. शेवटच्यापासून तिसऱ्यापर्यंत यायला आम्हाला शंभर वर्षं लागली असतील.

मग मी म्हटलं, "फरशी नको."

"मग तुला नक्की काय हवंय?"

मी मालवणीतच सांगितलं. शुद्ध बोलायची मला त्या दिवशी गरज वाटली नाही. "माका कायच नको. मी खंय बसूचा ता मी ठरयन. पण दफनभूमीत आजपासून वरचा-खालचा नको. जो मरतलो तो आधी मेलेल्याच्या बाजूक. मरणाच्या क्रमान. घर बघूचा नाय."

कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांची आई, आयलीनबाय, नव्वदीला टेकली आहे. त्यांना हिशेब कळला.

"अशी पद्धत नाही," ते म्हणाले.

"ठावक आसा."

"वरच्या जागा घराण्यांच्या आहेत."

"प्रभू आपल्यात रवा म्हणालो. तेणी वरती कोण, खालती कोण, ता सांगूक नाय."

फादरांनी मान खाली घातली. अध्यक्षांनी समोरचे कागद सरळ केले. म्हणाले, "आम्ही विचार करू."

मी पिशवीतून एक कागद काढला. घरी लिहून आणला होता, अर्ज लिहितात तशा भाषेत. टेबलावर ठेवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यात लिहिलंय, मी मेल्यावर मला खालच्या जमिनीत पुरू नये. माझ्या आधी ह्या चर्चचं जे माणूस मेलं असेल त्याच्या शेजारी पुरावं, ते कोणत्याही घरचं असो. तसं होणार नसेल, तर निर्णय होईपर्यंत मला चर्चच्या आत ठेवावं. बाहेर काढू नये.

"करा विचार," मी म्हटलं. "कितीय वर्सा करा. मी खंय जाणार नाय."